झाडाला सांगितलेली गोष्ट

२०२२ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. त्या साली जानेवारीत आमच्या धुऱ्यापलीकडची बाई माझ्याशी पहिल्यांदा बोलली. त्याआधी अठरा वर्षं ती माझ्या झाडांशी बोलत होती.

हसू नका. आमच्याकडं तिच्या वयाच्या बाया अजून पाळतात हे. तिचा नवरा गावाच्या नात्यानं मला धाकट्या भावासारखा. म्हणजे मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, त्याच्या तोंडाकडं पाहायचं नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. पण वावराला वावर लागून, मध्ये फक्त एक धुरा, म्हणजे बांध. बोलल्याशिवाय कसं चालेल? मग ती पदर ओढून माझ्या एखाद्या संत्र्याच्या झाडाकडं तोंड करायची आणि म्हणायची, "सांग बाप्पा तुह्या मालकाले, मोटारीची वायर उघडी पडली हाय म्हणा."

झाड जवळ नसलं तर बकरी. एकदा काहीच नव्हतं, तर मोटारीच्या पेटीला सांगितलं. "पेटी, तुह्या पोटात साप शिरला वं. मालकाले म्हणा हात नको घालू." मी काठीनं झाकण उघडलं. आत खरंच धामण होती.

मीही तसाच. भावाच्या बायकोशी तोंडाला तोंड देणं भासऱ्याला शोभत नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी बैलाला म्हणायचो, "सांग गा, पाहून घेतो म्हणा." अशी आमची दोघांची बोलणी. माझी बायको धुऱ्यावर डबा घेऊन आली की पोट धरून हसायची. म्हणायची, "तुम्ही दोघं झाडाले मधी घालून भांडता. एक डाव झाडालेच विचारा ना, कोण बरोबर हाय ते."

विचारायची गरज नव्हती. तीच बरोबर असायची. आणि मला तेच खपत नव्हतं.

मी तिसरी पास. चौथीत मास्तरनं विनाकारण छडी मारली, मी पाटी त्याच्या टेबलावर ठेवून घरी आलो आणि परत गेलो नाही. चुकलं असेल. पण गेलो नाही. मला वाचता येतं, सावकाश येतं, बोट ठेवून येतं. आमचं गाव नागपूरजवळ, हिंगण्याच्या पुढं. वावरातून कंपनीचा भोंगा ऐकू येतो, त्यावर आम्ही जेवतो. माझं अडीच एकर, त्यात संत्रा. तिचं सव्वा एकर, त्यातही संत्रा. तिचं म्हणजे बोलायला तिचं. नवरा सकाळच्या बसनं कंपनीत जायचा तो दिवस मावळता उतरायचा. कलमा तिनं निवडल्या, खड्डे तिनं खोदले, पहिली दोन वर्षं डोक्यावरच्या घागरीनं पाणी तिनं घातलं. नवरा रविवारी बाग पाहायला यायचा, पाहुण्यासारखा.

बागेचा माल घ्यायला व्यापारी यायचा तोही रविवारीच. खाटेवर नवरा आणि व्यापारी, ही दाराच्या आड. व्यापारी विचारायचा, "तोडा कधी करायचा भाऊ? या आठवड्यात करून टाकू?" नवरा गप्प. मग आत भांडं वाजायचं. एकदा वाजलं की नवरा म्हणायचा, "नाही, थांबा पंधरा दिवस." व्यापारीही हुशार. पुढं पुढं तो दाराकडं तोंड करूनच विचारायचा आणि भांडं वाजायची वाट पाहायचा.

माझ्या झाडांची गोष्ट वेगळी होती. सात वर्षं झाली तरी फळ म्हणावं असं नाही. हिरवीगार, उंच, माणूस आत शिरला तर दिसू नये अशी. माझा मुलगा मिहानमधल्या एका कंपनीत कामाला. तो म्हणायचा, "बाबा, आपण संत्र्याची नाही, पाल्याची शेती करून राहिलो." मला राग यायचा. मी अजून पाणी द्यायचो.

एक दिवस ती धुऱ्यावर कापूस वेचल्यासारखी वाळलेल्या काड्या वेचत होती. माझ्या कडेच्या झाडाला म्हणाली, "तू कायले फुलशीन? तुले पोटभर भेटते रोज. तुह्या मालकानं तुले कधी भेवूच देलं नाही."

संत्र्याला बहार आणायचा तर आधी ताण द्यावा लागतो, हे मला ऐकून माहीत होतं. डिसेंबरात पाणी तोडायचं. महिना, सव्वा महिना थेंब द्यायचा नाही. पानं मान टाकतात, काही गळतात. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी फुटतं. सगळे म्हणतात झाडाला आराम दिला. ती तसं म्हणायची नाही. ती म्हणायची झाड भेलं पाहिजे. आता आपण मरतो, असं त्याला वाटलं पाहिजे. तेव्हाच ते फुलाचं मनावर घेतं.

आणि तिथंच खरी अडचण आहे. किती भ्यायचं? कमी भेलं तर फूल येत नाही. जास्त भेलं तर फांद्या वाळतात आणि झाड जातं. कागदावर दिवस लिहिलेले असतात, पण प्रत्येक जमीन वेगळी, प्रत्येक थंडी वेगळी.

त्या साली मी पाणी तोडलं. तिचं ऐकून नाही, माझ्या मनानं, असं मी सगळ्यांना सांगितलं. एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी गेलो तर सगळी बाग मान टाकून उभी. पानं नळीसारखी गुंडाळलेली. सात वर्षांची झाडं मी माझ्या हातानं मारतो आहे असं वाटलं. मी धावत जाऊन मोटार सुरू केली.

ती धुऱ्यापलीकडून ओरडली. मला नाही, झाडाला. "अरे, दुपारी कायले पाह्यते रे तो तुले? दुपारी तं माणूसबी मान टाकते! सकाळी पाहा म्हणा ना त्याले, सकाळी!"

त्या साली पुन्हा पालाच आला.

सकाळची गोष्ट मला पुढच्या वर्षी कळली. दुपारी वाकलेलं पान रात्रीच्या गारव्यानं पुन्हा उभं राहतं. सूर्य निघायच्या आधी जाऊन पाहायचं. पान उभं असलं तर झाड अजून भेलं नाही. ज्या सकाळी पान उभं राहिलं नाही, त्या सकाळी पाणी. एक दिवसही पुढं ढकलायचा नाही. ती रोज पहाटे आपल्या बागेतून चालायची, उलट्या हातानं पानं वरून खाली सारत, जसं आपण लेकराचं अंग तापलं का पाहतो. आणि रोज मोठ्यानं म्हणायची, "अजून नाही." ते माझ्या झाडांसाठी होतं. म्हणजे माझ्यासाठी होतं.

बत्तीस दिवस मी ते "अजून नाही" ऐकलं. मी तुम्हाला सांगतो, ते बत्तीस दिवस मी रोज मोटारीच्या बटणापर्यंत जाऊन परत आलो. बायको म्हणाली, "झाडं मारून राहिले तुम्ही, अन् एका बाईच्या म्हणण्यानं मारून राहिले." मी म्हटलं, "माह्या म्हणण्यानं मारून राहिलो." तेहतिसाव्या सकाळी ती 'अजून नाही' म्हणाली नाही. धुऱ्यावर उभी राहून तिनं माझ्या कडेच्या झाडाचं पान हातात घेतलं, सोडलं. पान पडूनच राहिलं. तिनं झाडाच्या फांदीवर दोनदा हात थोपटला आणि म्हणाली, "दे म्हणा आता. बस झालं."

त्या साली फळांच्या भारानं माझ्या बागेला टेकू लावावे लागले. गावात कोणी विचारलं तर मी म्हणायचो, अभ्यास लागतो. तिचं नाव मी घेतलं नाही. तिनंही कधी कोणाला सांगितलं नाही की हे आपण शिकवलं.

अशी वर्षं गेली. मी म्हणत नाही की कंपन्या आल्या ते वाईट झालं. माझ्या घरावर स्लॅब मुलाच्या पगारातून पडला. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्या कंपनीच्या कार्डावर झालं. गावातल्या पोरी शिकल्या, गाडीवर बसून सीताबर्डीला जातात, एकट्या. हे सगळं चांगलंच आहे. पण मोठा रस्ता झाला आणि रस्त्याच्या मागं गोडाऊनं निघाली. पांढऱ्या पत्र्याची, खिडकी नसलेली. पहिलं निघालं तेव्हा ते नाल्याच्या पलीकडं होतं. दोन वर्षांनी अलीकडं आलं. मग एक आमच्या पूर्वेला. रोज सकाळी वावरात गेलो की मी आधी तिकडं पाहायचो, जवळ आलं का. जिवंत वस्तू असल्यासारखं.

तीही पाहायची. एकदा झाडाला म्हणाली, "पाहून राहिला ना? तेबी येऊन राहिलं." बस, एवढंच.

२०२२च्या जानेवारीत माझ्या घरी नोटीस आली. शिपाई देऊन गेला. मी ओट्यावर बसून बोट ठेवून वाचली. मोजणीची नोटीस होती. ज्याचं वावर मोजायचं त्याच्यासोबत लागून असलेल्यांनाही ती येते. वर अर्जदार म्हणून तिच्या नवऱ्याचं नाव. खाली लगतचे म्हणून माझं नाव, पूर्वेच्या गोडाऊनवाल्याचं नाव. तारीख. हजर राहावे. मी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचली. तिचं नाव कुठं नव्हतं. कसं असेल? सातबारा नवऱ्याचा.

मोजणी कशासाठी हे आमच्याकडं आता कोणाला सांगावं लागत नाही. मोजणी आली की विक्री आली.

मी ती नोटीस देवाच्या फोटोमागं ठेवली. दुसऱ्या दिवशी वावरात गेलो. पलीकडं ती पहाटेची फिरत होती. तिच्या बागेचा ताण चालू होता, तेवीस की चोवीस दिवस झाले होते. "अजून नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजावरून मला कळलं, तिला काही माहीत नाही.

आता मी कसं सांगू? थेट सांगू शकत नाही. झाडाला सांगितलं तर ऐकेल, मग पुढं काय? तिच्या घरात मी भांडण लावलं असं होईल. नवरा म्हणेल, दादा, माझ्या बायकोच्या कानात तुम्ही भरलं. गाव म्हणेल, भासऱ्याला काय घेणं? पण हे सगळं मी नंतर जोडलेलं. खरी गोष्ट अशी की मला भीती वाटली. माझ्या वावराचा रस्ता तिच्या वावरातून, धुऱ्याच्या कडेनं जातो. दुसरा रस्ता नाही. तिथं गोडाऊन झालं, भिंत पडली, तर माझी बैलबंडी कुठून जाईल, मी फळ कुठून काढेन, हे मला आधी सुचलं. ती नंतर सुचली.

तीन दिवस मी गप्प राहिलो. चौथ्या दिवशी ती दळण घेऊन गिरणीवर गेली आहे असं पाहून मी धुऱ्यावर गेलो. माझ्या कडेच्या झाडाला म्हटलं, "सांग बाप्पा तिले. मोजणी हाय म्हणा, येत्या गुरुवारी." हळूच म्हटलं. मग इकडंतिकडं पाहिलं. कोणी नव्हतं. मला हलकं वाटलं. आपण सांगितलं, आपलं काम झालं.

ती तिथं नाही हे मला माहीत होतं. हे मी लिहून ठेवतो.

गुरुवारी मोजणीवाले आले. मशीन तीन पायांवर उभी केली, एकजण खांबासारखी काठी घेऊन झाडांतून फिरला. कोपऱ्यांवर चुना टाकला. तिच्या नवऱ्यानं रजा घेतली होती. तो इस्त्रीचा सदरा घालून साहेबाच्या मागं मागं फिरत होता. मीही गेलो, जिथं म्हणाले तिथं सही केली. सही मला चांगली येते.

ती घरून डबा घेऊन आली तेव्हा चुना पडला होता. तिनं डबा खाली ठेवला. चुन्याकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं मान वळवली. मग ती सरळ धुऱ्याकडं आली, धुऱ्यावर चढली आणि धुरा ओलांडून माझ्या वावरात उतरली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तिनं तो वर घेतला नाही.

"तुमाले मालूम होतं?"

मी आयुष्यात खूप लोकांशी भांडलो. तहसीलदाराशी भांडलो आहे. पण माझी मान आपोआप वळली. मी झाडाकडं तोंड केलं आणि झाडाला म्हणालो, "मालूम होतं म्हणा."

"झाडाकडं नका पाहू," ती म्हणाली. "मी इथं उभी हाय."

मी तिच्याकडं पाहिलं. मला तिचं तोंडच माहीत नव्हतं. कपाळावर देवीचे दोन वण होते. ओठ कोरडे पडून फुटले होते, थंडीनं.

"नोटीस आली होती," मी म्हणालो. "आठवडा झाला."

"आठवडा." तिनं तो शब्द असा म्हटला जसा एखादा खडा दाताखाली यावा. मग म्हणाली, "तुम्ही त्याईच्याशी बोला. घरात मी बोलली तं ते उठून चालले जातात. तुमचं ऐकतात ते, तुमाले मोठे मानतात. इकू नका म्हणा असं नाही म्हणत मी. तेवढं माह्या हाती नाही. एक बहार होऊ द्या म्हणा. झाडं भेववून ठेवली मी. आता पाणी तोडून तशीच सोडून जायची? असं कोणी करते का? एक बहार निघू द्या, मंग काय करायचं ते करा म्हणा."

"बोलतो," मी म्हणालो.

"आजच."

"आजच बोलतो."

संध्याकाळी मी फाट्यावर गेलो. मोजणीचं काम आटोपून तिचा नवरा तिथंच चहाच्या टपरीवर बसला होता, त्याच्या कंपनीच्या लोकांची बस यायची वाट पाहत. त्यांना उद्याची शिफ्ट विचारायची होती. मला पाहून उठला, बाक पुसला. "बसा दादा." माणूस वाईट नाही तो. कधीच नव्हता. दारू नाही, आवाज चढवणं नाही.

मी बसलो. मनात वाक्य तयार होतं. एक बहार थांब गा. चार शब्द.

त्यानंच सुरुवात केली. "दादा, तुम्ही काय म्हणान ते मले मालूम हाय. पण पाहा. तिकून गोडाऊन, इकून गोडाऊन. उद्या नाला बुजवला तं माह्या सव्वा एकरात पाणी तुंबते. मंग कोण विचारते मले? सत्तावीस वर्षं झाले कंपनीत, अजून ठेकेदाराच्या कागदावर हाव. गुडघे गेले. एक दिवस गेटवरचा म्हणन, उद्यापासून येऊ नको. पोरगी नर्सिंगले हाय, दोन वर्षं बाकी हायेत तिचे. मले भेव लागते दादा. लय भेव लागते."

"झाडं चांगली हायेत तुही," मी म्हणालो.

"तिची हायेत," तो म्हणाला. खाली पाहून म्हणाला. "मले काय समजते त्यातलं."

आता बोलायचं होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात तो म्हणाला, "तुमच्या रस्त्याचं मी बोलून ठेवलं हाय बरं. ते लोक भिंत टाकणार होते सरळ. मी म्हटलं, दादाची बंडी जाते इथून, दहा फूट सोडा लागन. हो म्हणाले ते. पण व्यवहार याच महिन्यात झाला पाह्यजे म्हणते. मधात कोणाची आडकाठी नको."

माझं तोंड उघडंच होतं. त्यातून जे निघालं ते मी आजही ऐकतो. मी म्हणालो, "दहा फुटाचं लेखी घेजो गा."

"घेतो ना दादा."

बस आली. तो गुडघ्यावर हात ठेवून उठला. मी चहा न पिता घरी आलो. तिच्यासाठी गेलो होतो, माझा रस्ता घेऊन आलो.

दुसऱ्या पहाटे ती धुऱ्यावर उभी होती. पदर डोक्यावर होता, पण तोंड माझ्याकडं होतं. "काय म्हणले?"

"ऐकत नाही तो," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

तिला संध्याकाळपर्यंत कळलं असणार. नवऱ्यानं कौतुकानंच सांगितलं असेल, दादाचा रस्ता वाचवला म्हणून. कारण त्यानंतर ती बोलली नाही. माझ्याशी नाही, बैलाशी नाही, माझ्या झाडाशीही नाही. पहाटे ती पानं सारत फिरायची, पण आता मोठ्यानं काही म्हणायची नाही. माझ्या बागेचा ताण त्या साली मला माझ्या अंदाजानं तोडायचा होता. रोज सकाळी पलीकडच्या मोटारीचा आवाज येतो का, म्हणून कान देऊन उभा राहायचो. एका सकाळी तो आला आणि मीही माझं बटण दाबलं.

होय, तिनं पाणी दिलं. व्यवहार ठरला होता, तरी दिलं. फेब्रुवारीत तिची बाग अशी फुलली की वाटेवरची माणसं थांबायची. गोडाऊनवाल्यांची गाडी आली, त्यांच्यातला एक तरुण साहेब फुलांसोबत फोटो काढून गेला. मार्चमध्ये फुलं झडून वाटाण्याएवढी फळं धरली. तोवर कागद झाले होते. ती आणि नवरा हिंगण्यात, त्याच्या कंपनीजवळ, भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले.

जेसीबी आली त्या दिवशी ती ऑटोनं आली. मोटार आणि पाइप न्यायचे होते. माणूस मोटार खोलत होता, ती विहिरीच्या काठावर बसली होती. मशीनकडं पाठ, माझ्या बागेकडं तोंड. मागं एकेक झाड उपटलं जात होतं. संत्र्याचं झाड उपटताना फार आवाज होत नाही. मातीचा होतो. मी मोजत नव्हतो, पण प्रत्येक आवाजाला तिचे डोळे मिटत होते, ते मी पाहत होतो.

मी तांब्या घेऊन गेलो. काय म्हणून हाक मारू ते सुचेना. भासरा हाक मारतच नाही. "पाणी प्या," म्हणालो.

तिनं तांब्या घेतला, प्यायली नाही, बाजूला ठेवला. माझ्या बागेकडं पाहत राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तिसऱ्या ओळीतली चार झाडं पिवळी पडून राहिली तुमची. बुडाशी डिंक निघत असन. खरडून औषध लावा. आठ दिवसांत लावा, नाही तं जातीन."

मी हो म्हणालो. माफी मागायची होती. मला कधी कोणाची माफी मागता आली नाही, माझ्या बापाचीही नाही.

ती ऑटोत बसली. मोटार तिच्या पायाशी ठेवली होती, एक हात तिनं मोटारीवर ठेवला होता. ऑटो माझ्या दहा फुटांच्या रस्त्यानं गेला.

नंतर मी हिंगण्यात दोनदा विचारलं. घर बदललं म्हणाले. कोणी सांगितलं ती एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. कोणी म्हणालं पोरीसोबत दुसरीकडं गेली. ती मला पुन्हा दिसली नाही.

पण सांगायचं आहे ते त्याच दिवशीचं. जेसीबी बंद झाली, मी घरी आलो, हातपाय धुतले. बायको भाकरी टाकत होती. तिनं दिवसभर ओट्यावरून सगळं पाहिलं होतं. माझी बायको वावरात माझ्याएवढीच राबली आहे, पंचेचाळीस वर्षं. तिनं ताट वाढलं, समोर बसली आणि विचारलं, "आपल्या सातबाऱ्यावर कोणाचं नाव हाय जी?"

"माह्यं."

"अन् तुमच्या मागं?"

मुलगा दारात मोबाइल पाहत उभा होता. आठ दिवसांपूर्वी तोच म्हणाला होता, बाबा, आता आपलंही मोजून ठेवू, नुसतं मोजून. बायकोनं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यात जे होतं ते मी 'ऐकत नाही तो' म्हणालो त्या सकाळी धुऱ्यावरच्या बाईच्या डोळ्यात पाहिलं होतं. आपल्या पोटच्या पोराकडं पाहून बाईच्या डोळ्यात ते यावं, याची मला इतकी भीती वाटली की मी जेवण टाकून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला चांगलं लुगडं नेसायला सांगितलं. काहून, तिनं विचारलं. चाल म्हटलं. मुलगा झोपला होता, त्याला उठवलं नाही. कागद पिशवीत घेतले आणि आम्ही दोघं पायी तलाठ्याच्या ऑफिसात गेलो. नवऱ्याला आपल्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावता येतं, असं मी ऐकलं होतं. खरं का खोटं, विचारायचं होतं. कुलूप होतं. शेजारचा म्हणाला साडेदहाला उघडते, कधी अकरा. आठ वाजले होते. आम्ही पायरीवर बसलो. रस्त्यावरून कोणाची गाडी आली की मुलगाच आला असं वाटायचं.

"आत काय बोला लागते?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. नाव विचारतीन, तं सांगजो. पूर्ण सांगजो."

तिनं पदर सारखा केला. समोर पाहून आपलं नाव एकदा म्हटलं, तोंडातल्या तोंडात. मग पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

"अजून मोठ्यानं," मी म्हणालो.